पास न झालेलं होल्स्टर

माझं शेवटचं पोस्टिंग काश्मीर खोऱ्यात होतं. तिथूनच पेन्शनीत निघालो आणि सात महिन्यांनी सिंगापूरला पोचलो. नव्वदीची मधली वर्षं होती ती. माझा मेव्हणा मरीन इंजिनिअर. त्याने जुरोंगमधल्या एका जहाजदुरुस्तीच्या यार्डात माझी सोय लावली. फौजेत बावीस वर्षं मी आर्मरर होतो. बटालियनची हत्यारं तपासायची, दुरुस्त करायची आणि चालण्यालायक आहेत असं सहीनिशी लिहून द्यायचं, हे आर्मररचं काम. यार्डात मला प्लॅस्टिक सेक्शन मिळालं. जहाजावरच्या मीटरांची झाकणं, बॅटऱ्यांचे डबे, स्विचबोर्डाच्या पट्ट्या. रायफली गेल्या, झाकणं आली. त्याबद्दल कुरकुर करायला मी काही रिक्रूट नव्हतो.

राहायला मेव्हण्याच्या हौगांगच्या फ्लॅटमध्ये होतो. बायको-मुलं साताऱ्याकडे, गावी. पहाटे साडेचारला डोळा उघडायचा, दाढी, बुटांना पॉलिश. मेव्हणा बोटीवर नसला की पांघरुणातूनच म्हणायचा, "दाजी, इथे रोल कॉल नाही, झोपा की." मी झोपत नसे. सहाची बस, मग एमआरटीची लोकल, आणि आठच्या भोंग्याआधी वीस मिनिटं मी यार्डाच्या गेटवर पास दाखवत उभा असे.

काम सोपं होतं. प्लॅस्टिकचा पत्रा ओव्हनमध्ये ठेवायचा. तो पापडाच्या लाटीसारखा मऊ झाला की लाकडी साच्यावर टाकायचा, वरून जाड फोम आणि फळी ठेवून शिकंज्यात दाबायचा. दहा मिनिटांत गार होतो आणि साच्याचा आकार धरतो. फोरमन अंकल टॅन. साठीकडे झुकलेला, तोंडाचा फाटका, पण हात असे की बघत राहावं. त्याने मला हे काम पंधरा दिवसांत शिकवलं.

जुलैमध्ये मेजर अभय निजसुरेंचं पत्र आलं. निजसुरे साहेब पुण्याचे. खोऱ्यात चार वर्षं ते माझे कंपनी कमांडर होते आणि अजून तिथेच होते. साहेब पत्रातही कामाचंच बोलत. लिहिलं होतं: 'जगदाळे, पावसाळ्यात चामड्याचं होल्स्टर दोन दिवस भिजलं की फुगतं. फ्लॅपचं टिचबटण बोटांना निघत नाही, निघालं तरी पिस्तूल आत चिकटून बसतं. तुम्ही हल्ली प्लॅस्टिक वाकवता असं कळलं. मला एक होल्स्टर करून द्या. पाणी धरणार नाही, फ्लॅप नको, आणि एका झटक्यात पिस्तूल हातात आलं पाहिजे. ऑगस्टमध्ये रजेवर नीलाताईकडे सिंगापूरला येतोय.' सोबत एक कागद होता. पिस्तूल कागदावर आडवं ठेवून भोवती पेन्सिल फिरवलेली.

मला किती आनंद झाला ते सांगत नाही. झाकणं करणाऱ्या माणसाला पुन्हा कोणीतरी आर्मरर म्हणून हाक मारली होती.

सिंगापुरात खरं पिस्तूल आणायचा प्रश्नच नव्हता. साचा लाकडाचाच करायचा होता. कडेची रेघ साहेबांच्या कागदावर होती, पण जाडी कागदावर येत नाही. ती माझ्या हातांत होती. नाइन एमएम पिस्तूल मी हजारदा तरी उघडून पुन्हा जोडलं असेल. सेफ्टी कॅच किती वर येतो, ट्रिगरभोवतीचा गार्ड कुठे वळतो, हे मी डोळे मिटून सांगितलं असतं. शिफ्ट पाचला सुटायची. पाच ते सात मी बेंचवर लाकूड कोरत बसे.

चौथ्या दिवशी अंकल टॅन मागे येऊन उभा राहिला.

"व्हॉट इज धिस?"

"पॅटर्न, अंकल."

"पिस्तूल पॅटर्न! यू सियाओ आह? पोलीस कॅच यू, देन हाऊ?"

सियाओ म्हणजे वेडा. मी त्याला साहेबांचं पत्र दाखवलं. मराठी त्याला काय कळणार, पण पेन्सिलीचा कागद त्याने बराच वेळ पाहिला. मग म्हणाला, "युवर ऑफिसर गुड मॅन?"

"व्हेरी गुड मॅन."

तो गेला आणि पिवळ्या रंगाचा डबा घेऊन आला. जहाजाच्या कठड्याला लावतात तो भडक पिवळा. "पेंट. कीप इन माय लॉकर. डोन्ट टेक होम, लाह." त्यामुळे माझं पिस्तूल हळदीच्या अंगाचा नवरदेव झालं आणि रोज संध्याकाळी अंकल टॅनच्या लॉकरमध्ये बंद होऊ लागलं.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात साहेब आले. तोवर होल्स्टर तयार होतं. वर्कशॉपमध्ये होता तो तीन मिलिमीटरचा काळा पत्रा मी वापरला होता. दोन भाग वेगवेगळे दाबून कडेला रिव्हेट मारलेले, मागे बेल्टसाठी पट्टी. ट्रिगर गार्डवर प्लॅस्टिक नेमकं बसलं होतं. पिस्तूल आत सारलं की 'टक्' असा आवाज यायचा, आणि मग उलटं धरून हलवलं तरी ते पडत नसे. वर ओढलं की सरळ हातात.

रविवारी अंकल टॅनची परवानगी काढून होल्स्टर आणि पिवळं पिस्तूल पिशवीत घालून मी बुकित तिमाहला नीलाताईंच्या कॉन्डोत गेलो. नीलाताई साहेबांच्या थोरल्या बहीण, त्यांचे यजमान इथल्या कंपनीत मॅनेजर. साहेबांच्या मिसेस, अनघा मॅडमही आल्या होत्या. साहेब वाळले होते. मला बघून उठले. मी सवयीने सॅल्यूट ठोकला तर म्हणाले, "जगदाळे, मी हाफ पँटमध्ये आहे. सॅल्यूट कसला करता?"

जेवण झाल्यावर त्यांनी होल्स्टर कमरेला लावलं आणि बाल्कनीत उभं राहून पिस्तूल काढलं. पुन्हा घातलं, पुन्हा काढलं. वीसेक वेळा. मॅडम म्हणाल्या, "अहो, खाली पोहणारी माणसं बघतायत." साहेब लहान मुलासारखे हसले.

"फर्स्ट क्लास," ते म्हणाले. "जगदाळे, हे मी घेऊन जातो."

आता पुढचं तुम्हा सिव्हिलियन मंडळींना नीट समजावं म्हणून सांगतो. आमच्या पेशात एक रीत आहे. आर्मररच्या टेबलावरची वस्तू पास होऊन तिला सहीचा टॅग बांधल्याशिवाय कोणालाही मिळत नाही. मागणारा जनरल असला तरी. आर्मररच्या कामात अधिकारी लुडबुड करत नाही आणि आर्मरर त्याची भीड धरत नाही. त्या रिवाजावर जवानांचे जीव असतात, आणि बावीस वर्षं मी तो पाळला होता.

मी म्हणालो, "सर, ट्रायल बाकी आहे."

"आत्ता केली की वीस वेळा."

"लाकडाला वजन नाही सर. खऱ्या पिस्तुलाचं वजन घालून पाचशे ड्रॉ काढतो. पाण्यात, चिखलात घालून बघतो. मग टॅग बांधतो. ट्रायलशिवाय इश्यू नाही."

"मी बुधवारी निघतोय."

"मागाहून पाठवतो सर. कोणीतरी पुण्याला जाणारं मिळेलच."

मॅडम म्हणाल्या, "द्या ना हो, जगदाळे. एवढे खूश आहेत."

साहेबांनी हात वर केला. "नाही अनघा. आर्मररचा शब्द शेवटचा." त्यांनी होल्स्टर सोडलं. परत देण्याआधी नीलाताईंकडून सुई मागून घेतली आणि आतल्या बाजूला आपली अद्याक्षरं कोरली. "म्हणजे इश्यूच्या वेळी दुसऱ्याचं माझ्या गळ्यात मारायला नको," असं म्हणाले आणि होल्स्टर माझ्या हातात ठेवलं. छाती फुगवून मी बसमध्ये बसलो. मेजरला नाही म्हणालो होतो आणि मेजरने ते मानलं होतं.

सोमवारी पिवळ्या पिस्तुलाला भोकं पाडून मासे पकडायच्या गळाचं शिसं आत भरलं. वजन किलोच्या आसपास आणलं. रोज संध्याकाळी पन्नास ड्रॉ, म्हणजे पन्नास वेळा पिस्तूल आत सारून झटक्यात ओढायचं. अंकल टॅन शेजारी बसून मोजायचा, दर दहाला खडूने एक रेघ. गुरुवारी, म्हणजे साहेब परत गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, एकशे त्रेसष्टाव्या ड्रॉला बारीक आवाज झाला. वळणावर, जिथे पत्रा ट्रिगर गार्डभोवती फिरतो तिथे, केसाएवढी चीर.

"सी?" अंकल टॅन म्हणाला. "गुड थिंग यू नेव्हर गिव्ह."

मलाही तेच वाटलं. खरं सांगतो, मी खूश झालो. साहेबांना पत्र लिहिलं: 'फेल झालं सर. पत्रा कडक होता. दुसरा चिवट पत्रा मागवलाय.' त्यांचं उत्तर दोन ओळींचं आलं: 'सावकाश करा. पण करा.'

चिवट पत्रा यायला तीन आठवडे लागले. दुसरं होल्स्टर पाचशे ड्रॉ टिकलं. बादलीत बुडवलं, नाल्यातल्या चिखलात घोळलं, पुन्हा शंभर ड्रॉ काढले. शुक्रवारी सही करून टॅग बांधला. मेव्हण्याचा एक मित्र रविवारी पुण्याला जाणार होता, तो मॅडमच्या घरी पोचवणार होता.

शनिवारी सकाळी दहा चाळीसला यार्डाच्या ऑफिसातून मला बोलावणं आलं. फोनवर नीलाताई होत्या. "जगदाळे, आपला अभय गेला," एवढंच म्हणाल्या. मी फोन खाली ठेवला. मग वर्कशॉपमध्ये आलो आणि ओव्हनच्या मागे बसून रडलो. अंकल टॅनने मशीन बंद केलं. लॉकर उघडून पिवळं पिस्तूल काढलं, एका फडक्यात गुंडाळलं आणि पुन्हा आत ठेवलं.

महिन्याने नायब सुभेदार पवारचं पत्र आलं. पवार त्या दिवशी साहेबांच्या मागे होता. त्याने फौजी माणसासारखं लिहिलं होतं, वेळ देऊन. दोन दिवस संततधार होती. ०५४० ला गावाला घेरा पूर्ण. ०६१० ला फायर आला. ०६२० ला साहेब वायरलेस सेटवर बोलले, "राइट साइड क्लिअर. मैं आगे जा रहा हूँ. आउट." ०६२५ ला त्यांच्या रायफलीवर गोळी लागली आणि रायफल हातातून उडाली. साहेब भिंतीला टेकले. भिंतीवरून एक जण उडी मारून समोर आला, चार पावलांवर. साहेबांचा हात होल्स्टरवर गेला.

पवारने पुढे लिहिलं होतं: 'आम्ही पोचलो तेव्हा फ्लॅप उघडा होता. पिस्तूल अर्धं बाहेर होतं. तुम्हाला कळायला हवं म्हणून लिहितोय. दुसऱ्या कोणाला सांगितलेलं नाही.'

ते पत्र मी एकदाच वाचलं. एकदा पुरलं.

जानेवारीत मॅडम नीलाताईंकडे राहायला आल्या. मला निरोप आला. मी दुसरं होल्स्टर, टॅगसकट, घेऊन गेलो. बाल्कनीत खुर्च्या त्याच होत्या. मॅडमनी होल्स्टर मांडीवर घेतलं, टॅगवरची माझी सही वाचली आणि आतल्या बाजूला बोट फिरवून पाहिलं.

"यात त्यांची अक्षरं नाहीत."

"ते पहिलं होतं मॅडम. ते तडकलं."

त्यांनी टॅग बोटांनी सरळ केला. मग म्हणाल्या, "जगदाळे, एक विचारते. खरं सांगा. त्या दिवशी तुम्ही ते त्यांना नेऊ दिलं असतं, तर काही फरक पडला असता का?"

फौजेत मी शेकडो रिपोर्टांवर सह्या केल्या. खोटा एकही नाही.

"नाही मॅडम," मी म्हणालो. "पिस्तुलाचा संबंधच आला नाही. गोळी लांबून आली. साहेबांना कळलंसुद्धा नसेल."

त्यांनी मान हलवली. टॅग तसाच ठेवून होल्स्टर पर्समध्ये घातलं. निघताना मी त्यांना सॅल्यूट केला. त्यांनी दोन्ही हात जोडले.

आता मी गावी असतो. पहिलं होल्स्टर माझ्या ट्रंकेत आहे. आतली अक्षरं अजून स्पष्ट वाचता येतात. दरवर्षी साहेबांच्या दिवशी मी ते बाहेर काढतो, पुसतो, त्या चिरेवरून अंगठा फिरवतो. त्याला टॅग नाही. माझ्या नियमाने ते नापास आहे, आणि नियम चुकीचा होता असं मी आजही म्हणणार नाही. एकशे बासष्ट वेळा ते बिनतक्रार चाललं होतं.

साहेबांना एकदाच हवं होतं.