आपल्या माणसाचं केशर

ठमाबाईला संशय घ्यायला कारण लागायचं नाही. मखमलाबादच्या वाटेवर तिचा गुलाबाचा मळा, बांधाला लागून आमची भाजी. पंचवटीच्या बाजारात आम्ही दोघी शेजारी बसायचो. गिऱ्हाइकाने हाराचा नुसता वास घेतला तरी मला कोपर मारून म्हणायची, "बायडे, लक्ष ठेव, एखादं फूल खुडंल." हारातलं फूल कोणी खुडतं का, सांगा मला! पण तिला सांगणार कोण?

छत्तीस सालची गोष्ट. तिच्या लेकाची, वाळूची बायको भिमा, वणीची पोर, कामाला वाघीण. पण महिन्यातून आठ दिवस तिचं बिनसायचं. कावळा शिवायच्या आधी तिची झोप उडायची, डोळे तारवटायचे. काही बोललं की अंगावर यायची, मग चुलीपुढे बसून हमसून रडायची. एकदा वाळूने भाकरी करपली म्हटलं, तर तिने अख्खी टोपली नेऊन उकिरड्यावर उलटी केली. पाळी आली की पुन्हा गरीब गाय.

ठमाबाई आधी म्हणाली, बाहेरचं लागलंय. मग म्हणाली, कामचुकार आहे, सोंग करते. शेवटी तिने सुनेला तोंडावर सांगितलं, "दसऱ्यापर्यंत बघते. नाय सुधारलीस तर वणीला पोचवते नि वाळूला दुसरी करते." ठमाबाई बोलली म्हणजे करणार. भिमाच्या तोंडचं पाणी पळालं.

अत्तरवाल्या निसारची बायको शकीलाबी भद्रकालीहून गुलाब न्यायला यायची. भिमाचे डोळे बघून तिनेच चौकशी केली आणि दुसऱ्या खेपेला केशराची पुडी आणली. "दिवस जवळ आले की रोज दोन-तीन काड्या कोमट दुधात भिजवून घे. मला माझी अम्मी हेच द्यायची."

"फुकट?" ठमाबाईच्या भुवया चढल्या. "फुकट देणाऱ्याच्या पोटात काय असतं ते मला इचार!" पहिल्या दिवशी तिने ते दूध मांजरीला पाजलं. मांजर चुलीशी जाऊन झोपली. "बघ बायडे, अफू हाय त्यात!"

"अगं बाई, मांजर एरवी काय कीर्तनाला जाते?" मी म्हटलं. मग कुठे भिमाला दूध मिळालं.

दोन महिने गेले. भिमाला झोप लागू लागली. राग पुरता गेला नाही, पण भाकऱ्या टोपलीत राहिल्या. दुसरी कोणी म्हणाली असती, बरं झालं गं बाई. हिचा संशय दुप्पट झाला. "इतका गुण येतो म्हणजे मंतरलेलंच असणार. सून माझी ऱ्हायली नाय, तिची झाली." उरलेली पुडी तिने चुलीत घातली आणि पेठेतल्या एका दुकानातून आपली पुडी आणली. "हा आपला माणूस हाय. माझी करडईची फुलं दरसाल घेतो, कापडं रंगवायला." जगात भरवशाचा असा तिला तो एकच सापडला होता.

दुधात टाकताच पिवळाधमक रंग आला. "बघा! शकीलाच्या काड्या मेल्या किती वेळ भिजत पडायच्या!"

त्या खेपेला भिमाच्या डोळ्याला चार रात्री डोळा लागला नाही. पाचव्या सकाळी सासू काहीतरी बोलली आणि भिमाने तोडलेल्या गुलाबांची पाटी पाटाच्या पाण्यात लोटून दिली. ठमाबाई चिडली नाही, उलट तिचा चेहरा उजळला. "म्हणजे केशरबिशर थोतांड. सोंगच हुतं." तिने सुनेचं गाठोडं बांधलं. वाळू खाली मान घालून गाडी जुंपायला निघाला. असा संताप आला मला त्या नंदीबैलाचा!

भिमा रडली नाही. "जाते मी, आत्याबाई. पण सोंग म्हणू नका."

तेवढ्यात शकीलाबी गुलाब न्यायला आली. ठमाबाईने पुडी तिच्या पुढ्यात आपटली. "ये, बघ तुझं औषध!"

शकीलाने चिमूट नाकाशी नेली, बोटांत चोळली. बोटं तेलकट झाली. तिने वाटीभर पाणी मागितलं आणि चिमूट त्यात सोडली. पाणी लगेच पिवळं झालं. मग चुरून वळलेल्या काड्या हळूहळू उलगडल्या आणि त्यांच्या पाकळ्या झाल्या. "मावशी, हे केशर नाही. करडई आहे."

पाण्यावर एक बारीकसा हिरवट तुकडा तरंगत होता. ठमाबाईने तो बोटावर घेतला. फुलं वाळवताना कीड लागू नये म्हणून त्यात कडुलिंबाचा पाला कोण घालतं, हे आमच्या सगळ्या मळ्यांत ठाऊक होतं. ठमाबाईशिवाय दुसरं कोणी घालत नव्हतं.

"माझा हाय," ती म्हणाली. एवढंच. जन्मात एकाच माणसावर तिने संशय घेतला नव्हता, आणि त्यानेच तिची फुलं तिलाच केशर म्हणून विकली होती. मला खरं तर हसू यायला हवं होतं, पण तिचा चेहरा बघून आलं नाही. वाळूला तिने हाक मारली, "बैल सोड रे," आणि गाठोड्याची गाठ स्वतःच सोडत बसली. गाठ काही लवकर सुटेना.

पुढल्या महिन्यात ती आपल्या पायांनी भद्रकालीत गेली. शकीलाकडून पुडी आणली आणि भिमापुढे ठेवली, शेजारी पाण्याची वाटी. "माझ्यावर भरवसा ठेवू नको. आधी टाकून बघ."

तुम्हाला वाटेल, भिमा म्हणाली असेल, असू द्या हो आत्याबाई. नाही म्हणाली. तिने एक काडी उचलली, पाण्यात टाकली आणि बघत बसली. खऱ्या केशराचा रंग फार सावकाश उतरतो. तोवर ठमाबाई तिच्यासमोर उभी राहिली.