रेजिनावहिनीचा हेवा

लग्न होऊन मी सांडोर गावातल्या घरात आले त्या दिवशी थोरल्या जावेने मला दारातच थांबवलं, वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "केस छान आहेत गं तुझे. मला हेवा वाटतो." मी हसले. मला वाटलं, कौतुक करायची ही तिची तऱ्हा असेल. ती हसली नाही. "खरंच वाटतो," म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

रेजिनावहिनी अशीच होती. कुणाचं काही चांगलं दिसलं की तिला हेवा वाटायचा, आणि तो ती त्या माणसाला तोंडावर सांगायची. शेजारच्या वाडीतल्या बाईची सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी, हिच्यापेक्षा चांगल्या रंगावर आली की कुंपणापाशी जाऊन सांगून यायची. मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात कुणाची साडी, कुणाचा आवाज, कुणाचा न पिणारा नवरा, सगळ्यांचा हेवा ती उघड करायची. "मनात ठेवला तर नासतो," ती म्हणे, "आणि मग घरभर वास सुटतो." मी विरारच्या मनवेलपाड्यात वाढलेली. सांडोरची बोली मला येत नसे, म्हणून माझ्याशी ती शाळेतल्या मराठीत बोलायची. रागावली की मात्र बोलीवर जायची, आणि मग मला निम्मंच कळायचं.

एक हेवा ती कधी बोलली नाही. लेकुरवाळी बाई समोरून आली की ती नजर वळवायची. बायकाही तिला पाहून ओढणी मुलाच्या तोंडावर घ्यायच्या. कारण मला नेल्सनने, माझ्या नवऱ्याने, सांगितलं. वहिनीचं रक्त निगेटिव्ह, तिच्या नवऱ्याचं, म्हणजे भाऊंचं, पॉझिटिव्ह. पहिला मुलगा अल्विन चांगला झाला. त्या बाळंतपणानंतर तीन दिवसांच्या आत तिला एक इंजेक्शन द्यायला हवं होतं. ते कुणी दिलं नाही, असं काही असतं हेही कुणी सांगितलं नाही. पुढच्या खेपेला बाळ पोटातच सुजून गेलं. त्यानंतरचा मुलगा जन्मला तो पिवळाधमक. एक दिवस जगला. त्या वेळी एका मोठ्या डॉक्टरांनी तिला समजावलं की पहिल्या बाळाचं रक्त तिच्या रक्तात मिसळलं, तिच्या शरीराने ते परकं मानलं, आणि आता प्रत्येक पॉझिटिव्ह बाळावर ते असंच उलटत राहणार. तिने विचारलं, "मग ते इंजेक्शन आता द्या." डॉक्टर म्हणाले, "आता त्याचा उपयोग नाही."

मला दिवस गेले आणि तपासणीत कळलं की माझंही रक्त निगेटिव्ह. नेल्सन पॉझिटिव्हच. रिपोर्ट घेऊन मी घरी आले. सासूबाई म्हणाल्या, "रेजिनाला सांगू नकोस." पण माझा चेहरा बघूनच तिने विचारलं, आणि मला लपवता आलं नाही.

ती पाटावर बसून अळूची पानं पुसत होती. तिचा हात थांबला.

"पहिलंच ना हे? मागं कधी पडलं-बिडलं नाही ना?"

"नाही."

"मग मला तुझा हेवा वाटतो."

"वहिनी, मी घाबरलेय आणि तू हेवा करतेस?"

"करणारच. तुझं इंजेक्शन अजून व्हायचं आहे."

नंतर आठवडाभर ती माझ्याशी बोलली नाही. भांडी आपटायची, माझ्या ताटात वाढून तोंड फिरवायची. हे इंजेक्शन आता दोनदा देतात; त्यातलं पहिलं सातव्या महिन्यात घ्यायचं होतं, त्या सकाळी मात्र साडी नेसून रिक्षात माझ्याआधी जाऊन बसली. दवाखान्यात तिने नर्सकडे बाटली पाहायला मागितली. अंगठ्याएवढी बाटली. ती उजेडात धरून म्हणाली, "एवढीशीच?" नर्सने हो म्हटलं. "एवढ्याशा बाटलीत माझी दोन पोरं मावली असती," असं म्हणून तिने ती परत दिली आणि बाहेर बाकावर जाऊन बसली. परतीच्या रस्त्यात माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

मुलगी झाली, पॉझिटिव्ह रक्ताची. तो रविवार होता आणि बाळाच्या रक्ताचा रिपोर्ट अडकला होता; तो आल्याशिवाय दुसरं इंजेक्शन मिळणार नव्हतं. वहिनी काउंटरसमोर अशी उभी राहिली की शेवटी त्यांनी माणूस पाठवून तो आणवला. मला दुसरं इंजेक्शन टोचलेलं तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. मुलीला मात्र हात लावला नाही. बाप्तिस्म्याला मी तिला धर्ममाता हो म्हणाले, तर म्हणाली, "तिच्याकडे मी कशी बघते ते मला ठाऊक आहे. देवासमोर खोटं कशाला बोलू?"

दुसऱ्या खेपेला ती खरी बिथरली. तिचं नशीब फिरलं होतं ते दुसऱ्याच खेपेपासून. माझी तपासणी होई, रक्त स्वच्छ असल्याचं कळे, घरातले सुटकेचा निःश्वास टाकत आणि वहिनी वाडीत निघून जाई. एकदा मला म्हणाली, "तुझा रिपोर्ट चांगला आला की मला आनंद होत नाही. काय करू, सांग." पोट दिसायला लागल्यावर ती नंदाखालला माहेरी गेली आणि तिथेच राहिली.

मुलगा झाला. मला इंजेक्शनही मिळालं. पण तिसऱ्या दिवशी तो पिवळा दिसू लागला आणि त्याला निळ्या दिव्याखाली ठेवलं. ही बातमी नंदाखालला पोचली, आणि वहिनी वाडीतल्या मळक्या साडीतच धावत आली.

सासूबाईंनी तिला दवाखान्याच्या दारातच गाठलं. "तुझीच नजर लागली! पोर पोटात होतं तेव्हापासून जळत होतीस!"

"होते," वहिनी म्हणाली. एरवी आवाज चढवणारी ती बाई भिंतीला टेकून उभी होती. "रोज जळत होते. माझ्यामुळेच झालं असेल."

टाके सांभाळत मी तिच्यापर्यंत गेले. "वहिनी, ही साधी कावीळ आहे. पुष्कळ बाळांना होते. रक्त तपासलंय त्याचं, तुझ्या बाळासारखं काही नाही. उतरेल."

"माझ्याची उतरली नव्हती."

बाळाला दूध पाजायला दिव्याखालून काढलं होतं. पाजून झाल्यावर मी तो वहिनीपुढे धरला. ती मागे सरकली. "मला नको देऊ. आई काय म्हणाल्या ते ऐकलंस ना?"

"ऐकलं. धर त्याला, मला उभं राहवत नाहीये."

तिने घेतला. कसा धरावा हे विसरल्यासारखी धरून बसली. मग म्हणाली, "माझा मला काचेतूनच दाखवला होता. हातात दिलाच नाही कुणी."

सासूबाई तिथेच उभ्या होत्या. वहिनीच्या खांद्यावरून घसरलेला पदर त्यांनी सारखा केला.

दोन-तीन दिवसांत कावीळ उतरली. वहिनी नंदाखालचं सामान घेऊन घरी परतली, आणि मुलगा तिचाच झाला. मी बँकेत नोकरीला जायची, तो तिच्या मागे वाडीभर फिरायचा. पडला, खरचटलं, ताप आला की आधी तिला हाक मारायचा. मी हात पुढे केले तरी तिच्याच मानेत तोंड खुपसायचा. मी आतल्या आत धुमसायचे. शेवटी एकदा तिला म्हणाले, "वहिनी, मला तुझा हेवा वाटतो." तिने त्याला कडेवर नीट सरकवून घेतलं. "बरं केलंस सांगितलंस," म्हणाली. त्याला माझ्याकडे मात्र दिलं नाही.

गेल्या वर्षी केळीच्या वाडीत पाणी लावताना ती कोसळली. भाऊ पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. दफनविधीला तिने ज्यांचा ज्यांचा हेवा केला त्या सगळ्या बायका आल्या होत्या. माझा मुलगा शवपेटीला धरून असा रडत होता की त्याला कुणी सोडवू शकेना. मी जवळ घेतलं तर माझा हात झटकून पुन्हा तिच्याकडे गेला. मी बाजूला उभी राहिले. माझ्यासाठी तो असा रडेल का, असं मनात आलं आणि तशा वेळीही मला तिचा हेवा वाटला. सांगायला ती नव्हती. ऐकून खूश झाली असती.