किनाऱ्यावर ठेवलेली रूथ

मार्थाबाई प्रार्थना करायच्या नाहीत, भांडायच्या. नगरच्या आमच्या मिशन दवाखान्यात ऑपरेशनच्या आधी सगळे डोळे मिटून उभे राहायचे आणि तिथल्या जुन्या नर्स असलेल्या मार्थाबाई देवाला फैलावर घ्यायच्या. "प्रभू, ही बाई सुप्याहून आलीय. घरी तीन लेकरं हायेत. तुझं ध्यान कुठं हाय? मागनं आमाला सांगू नको, दिसलं न्हाई म्हनून!" डॉक्टर हात वर धरून मुकाट्याने वाट बघायचे. 'आमेन' झाल्याशिवाय सुरीला हात लावायची त्यांची टाप नव्हती. मी नवी नर्स, त्यात हिंदू. पहिल्या दिवशी मला वाटलं, आता वीजच पडणार. "घाबरू नको, सुमे," बाई म्हणाल्या, "त्याला सवय हाय."

बाईंचे यजमान योहानभाऊ दवाखान्याच्या बॉयलरवर होते. बाई जितक्या बोलक्या, तितके हे अबोल. संसारात त्यांच्या वाट्याला एकच शब्द आला होता, "बरं." अकरा वर्षांची रूथ चेहऱ्याने बापावर आणि जिभेने आईवर गेली होती, त्यामुळे घरात योहानभाऊंना तेवढाही शब्द बोलायची संधी कमीच मिळे.

एकाहत्तर सालच्या उन्हाळ्याच्या तोंडाला पाळकसाहेबांनी चर्चमध्ये एक पत्र वाचून दाखवलं. परदेशातलं एक धर्मादाय दवाखान्याचं जहाज कोकण किनाऱ्याला येणार होतं. बंदरोबंदरी थांबून गोरगरिबांची ऑपरेशनं फुकट करायची. नर्स हवी होती, वरकामालाही माणसं हवी होती. पगार नाही, राहणं-जेवण जहाजावर, बायकामुलांसकट आलात तरी चालेल. कोण जाईल, असं विचारल्याबरोबर बाईंनी हात वर केला. मग त्या बायकांच्या बाजूने उठल्या, मधली वाट ओलांडून पुरुषांच्या बाजूला गेल्या आणि योहानभाऊंचा हात धरून तोही वर केला. सोमवारी अख्खा दवाखाना हसत होता. योहानभाऊंना विचारलं तर म्हणाले, "बरं म्हनलो."

आमच्या सीना नदीला गुडघाभर पाणी आलं, तरी ते बघायला अर्धं नगर पुलावर जमतं. तिथला हा माणूस समुद्रावर दोन महिने काढायला निघाला. पहिले तीन दिवस त्यांनी बादली सोडली नाही. मग त्यांना जहाजाच्या पोटात कपडे धुण्याचं आणि ऑपरेशनची हत्यारं उकळण्याचं काम मिळालं. तिथे ते खूश झाले, कारण तिथे खिडकी नव्हती. "समुद्र दिसत न्हाई, मंग तरास कशाचा?" बाई ऑपरेशनच्या खोलीत आणि रूथ बँडेजच्या गुंडाळ्या करायला, असं अख्खं घर कामाला लागलं. हे सगळं मला बाईंनी परत आल्यावर सांगितलं, आणि पुढचंही.

एका लहानशा बंदरात जहाज खोल पाण्यात उभं होतं. रोगी होडीतून आणायचे, त्यासाठी बाई रूथला घेऊन किनाऱ्यावर जायच्या. जागा कमी, म्हणून नातेवाइकांना वर घ्यायचं नाही, असा नियम होता. यशोदा नावाची एक कोळीण चार वर्षांच्या पोराला घेऊन किनाऱ्यावर आली. पोराचा वरचा ओठ जन्मापासून फाटलेला. जहाज सहा दिवसांनी निघणार होतं आणि टाके निघायलाच पाच दिवस लागणार होते, त्यामुळे त्याच दिवशी ऑपरेशन झालं नसतं तर तो ओठ तसाच राहिला असता. पण यशोदा पोराला सोडेना. तिचा नवरा असल्याच एका मोठ्या बोटीवर खलाशी म्हणून गेला होता, तो परत आलाच नव्हता. "बोटीवर गेलेला माणूस येत नाय," एवढंच ती म्हणत राहिली.

बाई समजावून दमल्या. मग त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या रूथचा हात धरला आणि यशोदेच्या हातात दिला. "ही माझी एकुलती एक पोर. तुझ्याकडं तारन ठेव. तुझं पोर बरं हून आलं, की मंग माझी दे." यशोदेने रूथकडे खूप वेळ पाहिलं, आणि पोर होडीत ठेवलं.

या सगळ्या घाईत बाई एक गोष्ट विसरल्या, नवऱ्याला सांगायची. जेवायच्या वेळी योहानभाऊंनी विचारलं, "रूथ कुठंय?" बाईंनी सांगितलं. त्या दिवशी योहानभाऊ 'बरं' म्हणाले नाहीत. ते वर गेले आणि ज्या समुद्राकडे त्यांनी महिनाभर पाहिलं नव्हतं, त्याच्याकडे तोंड करून कठड्याशी बसले. दुसऱ्या दिवशीही तिथेच. हत्यारं उकळून झाली, की पुन्हा तिथेच.

"आन् तुमी?" मी विचारलं.

"मी काय करनार? त्या पोराला मांडीवर घेऊन चमच्यानं दूध पाजत हुते. वाटायचं, हे जहाज आजच निघालं तर? परक्या गावात, अनोळखी बाईच्या हाती पोर दिली मी! देवाशी भांडायला तोंडच उरलं न्हवतं, सुमे."

तिसऱ्या दिवशी दुपारी होडी आली. वल्ही मारत होती यशोदा, आणि समोर बसली होती रूथ, तेल लावून घट्ट वेण्या घातलेली, केसात अबोलीचा वळेसर माळलेली. योहानभाऊंनी वाकून तिला वर उचलून घेतलं आणि खाली सोडायचंच विसरले. रूथ मात्र मासे कसे साफ करायचे ते सांगण्यात दंग होती.

बाई कठड्यावरून ओरडल्या, "अगं, तुझ्या पोराचे टाके अजून निघायचेत! दोन दिस हायेत. हिला आत्ताच का आनलीस?"

यशोदा होडी वळवत म्हणाली, "तुझी पोर रडत नाय गो. पण तू रडत असशील, म्हणून आणलंय."

वर येऊ का, असंही तिने विचारलं नाही. पाचव्या दिवशी टाके निघाले. बाई स्वतः होडीतून गेल्या आणि शिवलेल्या ओठाचं पोर तिच्या कडेवर देऊन आल्या.

हे सांगता सांगता बाईंनी पदराने डोळे पुसले. माझंही काही वेगळं नव्हतं. दवाखान्यात सगळे म्हणत, मार्थाबाईंनी केवढा विश्वास दाखवला. मीही तेच म्हटलं, तर त्या एकदम चिडल्या.

"मी कसला दाखवला? मी पोर दिली, ती बदल्यात पोर घेऊन. तिनं तर माझी मला दिली, आन् तिचं माझ्याकडं तसंच ठिवलं."