खालची फूट, वरच्या मंजिऱ्या

अमेरिकेतल्या नोव्हाय गावात आमच्या शेजाऱ्याच्या तळघरात गांजाची तीन झाडं होती. मिशिगनच्या कायद्यात ती बसतात, केंद्राच्या कायद्यात बसत नाहीत. त्यामुळे आमच्या ओळखीतले व्हिसावाले त्याच्या ड्राइव्हवेत गाडीसुद्धा वळवत नसत. मी नागरिक झालो होतो. शेजारी मोटारींच्या कारखान्यातून रिटायर झालेला, एकटा, गुडघ्यांनी बेजार. झोपेच्या गोळ्या त्याला सोसत नव्हत्या. तीन झाडांचं पीक म्हणजे वर्षभराची झोप, असा त्याचा हिशेब.

त्याला गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख मिळाली तेव्हा झाडं फुलोऱ्याच्या तिसऱ्या आठवड्यात होती. त्याने मला किल्ली दिली आणि काम समजावलं. झाडाच्या खालच्या भागात दिव्याचा उजेड पोहोचत नाही. तिथली बारीक फूट कापायची, म्हणजे सगळी ताकद वरच्या फुलांना मिळते. कात्री स्पिरिटने पुसायची. वर हात लावायचा नाही. वर्तमानपत्रात काही वर्षं काढलेली असल्यामुळे मी सगळं लिहून घेतलं आणि त्याला परत वाचून दाखवलं.

आई तेव्हा साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आली होती. घरात कंटाळली होती, म्हणून माझ्या मागोमाग तीही तळघरात उतरली.

"कसली रे झाडं ही?"

"औषधी आहेत."

ती व्हिजिटर व्हिसावर होती, आणि विमानतळावर कोणी काही विचारलंच तर तिला खोटं बोलता येत नाही. माझं उत्तर खरं होतं. पूर्ण नव्हतं.

"वास बघ कसला. चिचुंद्री मेल्यासारखा."

मी गुडघ्यांवर बसून कापत होतो, ती पिशवी धरून उभी होती. तासाभरात तिन्ही झाडांची खालची फूट निघाली. मी पिशवी टाकायला वर गेलो, तेवढ्यात ऑफिसचा फोन आला. पंधरा मिनिटांनी खाली आलो तेव्हा पहिल्या झाडावर एकही फूल नव्हतं.

"वाकून वाकून खालचं काढत बसलास आणि मंजिऱ्या तशाच ठेवल्यास," आई म्हणाली. "अशाने झाड वाळतं. एकाच्या खुडल्यात. दुसऱ्याला घेणार होते, पण बोटं चिकटायला लागली मेली."

तुळशीला मंजिऱ्या आल्या की खुडायच्या, हे ती लहानपणापासून करत आलेली. खुडणं नखाने, नेमक्या पेरावर, एकही पान न दुखावता झालं होतं. कामात चूक नव्हती. झाड वेगळं होतं.

मी तिला झाडाचं नाव सांगितलं. ती जिन्याच्या पायरीवर बसली.

"मग गांजा म्हणायचं ना! गांजाला बोट तरी लावलं असतं का मी? औषधी म्हणे."



चार दिवसांनी शेजारी वॉकर घेऊन घरी आला. जिना उतरायला त्याला बराच वेळ लागला. आई पुढे होऊन उभी राहिली होती.

"हे कोणी केलं?" त्याने विचारलं.

"आमच्याकडून झालं," मी म्हणालो.

"मी," आई मराठीत म्हणाली, आणि कळावं म्हणून दोन्ही हात त्याच्यासमोर धरले. "माय हँड."

मी तुळशीचं समजावून सांगितलं. त्याने त्या मोकळ्या शेंड्यांवरून बोट फिरवलं. मग इतर दोन झाडांची खालची खोडं वाकून तपासली आणि म्हणाला, खालचं काम चांगलं झालंय. नंतर बोटांवर महिने मोजत आणखी काही बोलला.

"काय म्हणतोय?"

"दोन झाडांवर आठ महिने निघतील म्हणतोय. पुढचे चार महिने झोपेचं काय, ते त्याला माहीत नाही."

"झोप येत नाही होय? मग एवढं शेत कशाला मांडलंय?" ती म्हणाली. "त्याला सांग, संध्याकाळी जायफळ घालून दूध आणून देते."

तिने खरंच दिलं, कपावर बशी झाकून, आणि तो पीत असताना समोर उभी राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला चौकशीला पाठवलं.

शेजाऱ्याने कप धुऊन ठेवला होता. चव उत्तम होती, तो म्हणाला. झोप मिनिटभरही लागली नाही.

मी हे जसंच्या तसं आईला सांगितलं.

"प्रमाण कमी पडलं," ती म्हणाली, आणि डब्यातलं दुसरं जायफळ काढलं.