पोरांना हात न लावणाऱ्या मावशी

माझ्या मावससासूंइतकी कामचुकार बाई अख्ख्या नांदुरा तालुक्यात शोधून सापडायची नाही. वडनेर भोलजीला त्या कित्येक वर्षं बालवाडी चालवतात आणि पोरांचं एकही काम करत नाहीत. सांडलेलं पाणी पोरांनी पुसायचं, शेंगा पोरांनी सोलायच्या, काकडीही पोरांनीच चिरायची, तीही खऱ्या सुरीने. मदत करायचा मोह झालाच तर मावशी पदराला गाठी मारत बसतात. शाळा सुटेपर्यंत त्या पदराचा पार दोरखंड झालेला असतो. सुटल्यावर पालकांनी उंबऱ्याबाहेर थांबायचं, चपला पोर स्वतः घालणार. एका आजोबांना मलकापूरहून गाडी धरायची होती आणि नातू चपलेचा पट्टा लावत होता, काढत होता, पुन्हा लावत होता. मावशींनी आजोबांना खुर्ची दिली, पाणी दिलं, नातवाला हात मात्र लावू दिला नाही. गाडी गेली. आजोबा अजून त्यांच्याशी बोलत नाहीत, नातू बोलतो.

हे मी सगळ्यांना हसत सांगायचो, माझी मुलगी तिथे जाईपर्यंत. तिचा डावा पाय जन्मापासून अधू. चार वर्षांची झाली तरी मी तिला कडेवरून उतरवत नव्हतो. बालवाडीला तीन पायऱ्या होत्या, आणि पहिल्याच दिवशी मावशी आडव्या आल्या.

"जावईबापू, खाली ठेवा तिले."

पडेल ती, मी म्हणालो.

"पडन. मी हाय ना इथं. पन तिले चढू तं द्या."

मला इतका राग आला की घरी येऊन बायकोला तिच्या मावशीबद्दल नको ते बोललो. आठवडाभर पोरगी खालच्या पायरीवर बसून रडत होती. मी कुंपणाशी उभा राहून मनातल्या मनात मावशींना शिव्या घालत होतो. मावशी तिच्याशेजारी बसून राहायच्या, बाकीची पोरं आत आपापली रमलेली. मग एका सकाळी तिने रडणं थांबवलं, भिंत धरली, पाय हाताने उचलून वर ठेवला. दोनदा घसरली. तिसरी पायरी चढली आणि सरळ आत निघून गेली.

मला फार आनंद झाला, आणि खरं सांगतो, वाईटही वाटलं. तिने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही, असं मी मावशींना म्हणालो.

"कोनीच पाह्यत नाही, जावईबापू. इतक्या वर्सात इथून जातानी एकाही पोरानं पाह्यलं नाही," त्या म्हणाल्या. "पाह्यलं असतं तं माह्यंच काही चुकलं असतं."

मग किती तरी वेळ त्या रिकाम्या दाराकडे बघत बसल्या.