चपलेसकट घेतलेलं माप

११ फेब्रुवारीला मास्तरांनी सुताराला तीन हजार सहाशे चाळीस रुपये रोख मोजले आणि बाळाचे डायपर बदलायचं टेबल घरी आणलं. पावती मागितली नाही. सुतार मागच्याच गल्लीतला होता आणि त्याच्या अंगावरची पँट मास्तरांच्या हातची होती.

मास्तर म्हणजे शिंपी. घराची पुढची खोली हे दुकान, मधल्या दारापलीकडे संसार. शर्ट ते शिवत, पण नाव होतं ते पँटसाठी. लांबी चुकली म्हणून गिऱ्हाईक परत आलंय, असं तीस वर्षांत एकदाही घडलं नव्हतं. त्याला कारण त्यांची शिस्त. पँटचं माप पायातल्या जोड्यासकटच घ्यायचं. कुणी अनवाणी उभा राहिला तर मास्तर टेप परत गळ्यात टाकत आणि म्हणत, "रस्त्यानं असाच फिरणार आहेस का? जा, बूट घालून ये." एका नवरदेवाला त्यांनी भर दुपारी असंच घरी पिटाळलं होतं.

टेबलाची गरज निघाली ती सूनबाईमुळे. मुलगा परगावी नोकरीला, पंधरवड्यानं येणारा. सूनबाईचं बाळंतपण ऑपरेशन करून झालेलं. टाके वरून भरले होते, पण वाकलं की आत ओढ बसायची. आणि डायपर काही दिवसातून एकदा बदलायची गोष्ट नाही. तो घरात बदलायचा कुठे, यावर कुणाचं एकमत होईना.

मास्तरीणबाईंचं मत ठाम होतं. सतरंजी अंथरायची, तिच्यावर मेणकापड, झालं. "जमिनीवरून आजवर कुणाचं पोर खाली पडलेलं नाही," असं त्या म्हणत. पण खाली बसून पुन्हा उठताना सूनबाईच्या डोळ्यांत पाणी येई. पलंग बुटका, तिथेही वाकणं आलंच. जेवायच्या टेबलाचं नाव मास्तरांनी काढलं, तेव्हा मास्तरीणबाईंनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. तो विषय तिथेच मिटला. मग धुण्याच्या मशीनवर एकदा प्रयोग झाला. मध्येच मशीन कपडे पिळायला लागलं आणि नात, जिला मास्तर कौतुकानं बोचकं म्हणत, थरथरत कडेकडे सरकायला लागली. बोचकं खुशीत होतं. सूनबाईच्या तोंडचं पाणी पळालं.

उरलं मास्तरांचं कापायचं टेबल. उंची झकास, उजेड झकास. मास्तरांनी आपणहून अर्धं टेबल मोकळं करून दिलं. काही दिवस बरं चाललं. मग एका सकाळी मेणकापडाच्या घडीत टाचणी निघाली. टोचली कुणालाच नव्हती. सूनबाईनं ती उचलून मास्तरांच्या तळहातावर ठेवली आणि बाळाला घेऊन आत गेली.

त्या रात्री जेवताना तिनं सांगितलं, "बाबा, मी हिला घेऊन आईकडे जाते. चालायला लागली की परत येईन."

"चालायला? अगं, म्हणजे वर्ष गेलं की!"

"तिकडे सगळं सोयीचं आहे. आई गाडी पाठवते म्हणाली."

मास्तरांचा घास हातातच राहिला. वर्षभरानं बोचकं या घरात येईल ते चालत येईल, आणि आजोबांना बघून भोकाड पसरेल. मुलगा तसाही लांब. आता हेही.

"महिनाअखेरपर्यंत थांब," ते म्हणाले. "तुझ्या मापाचं टेबल करून घेतो. नाही जमलं तर खुशाल जा, मी अडवणार नाही."

दुसऱ्या दिवशी सूनबाई डॉक्टरांकडून परतली, तेव्हा मास्तरांनी तिला दुकानातच उभं केलं. कोपर दुमडायला लावलं आणि कोपरापासून खाली टेप सोडला. तिच्या पायात जाड तळव्याच्या चपला होत्या. ती त्या काढायला लागली, तर मास्तर सवयीनं म्हणाले, "राहू दे, राहू दे पायात." चूक झाली ती इथेच.

टेबल मात्र देखणं झालं. तीन बाजूंना कठडा, खाली डायपर ठेवायला खण. "मास्तर, लाकडाचं माप शिंप्याकडून घ्यायची ही पहिलीच वेळ," सुतार म्हणाला.

"म्हणून तर बरोबर आलंय."

टेबल आतल्या खोलीत खिडकीशी बसलं. मास्तर ओळखीच्या गिऱ्हाइकांना आत नेऊन दाखवू लागले. सूनबाई "छान आहे" म्हणायची आणि मान चोळायची. एके दिवशी माळ्यावरची तिची बॅग खाली आलेली मास्तरांना दिसली.

"टेबलात काय कमी आहे गं?" त्यांनी बायकोला हळूच विचारलं.

"कमी कुठलं? जास्तच आहे. मला तर त्याच्यापुढे स्टूल लागेल."

मास्तरीणबाई बुटक्या. हा नेहमीचा टोमणा समजून मास्तरांनी तो कानाआड केला.

दोन दिवसांनी आतून मास्तरीणबाईंचा आवाज आला, "अगं, चपला घालून घरात? तेही बाळाजवळ?"

मास्तर गळ्यात टेप तसाच ठेवून आत धावले. टेबलाशी सूनबाई उभी होती. एका हातात बोचक्याचे दोन्ही पाय, दुसऱ्यात नवा डायपर आणि पायात त्या जाड चपला.

"आई, अशी उभी राहिले की उंची जमते," ती ओशाळून म्हणाली. "नाहीतर खांदे वर उचलून धरावे लागतात. संध्याकाळपर्यंत मान वळत नाही."

"मग सांगितलं का नाहीस?" मास्तर म्हणाले.

"कसं सांगणार, बाबा? तुम्ही गिऱ्हाइकांना दाखवत होता."

मास्तर खाली बसले. चपलेच्या तळव्याला टेप लावला. दीड इंच.

"चपलेसकट घेतलं मी माप," ते म्हणाले.

मास्तरीणबाईंना हसू आवरेना. "तीस वर्षं गावाला बूट घालायला लावलेत. आता सुनेलाही रस्त्यावर उभी करा डायपर बदलायला!"

मास्तर हसले नाहीत. "महिना संपायला अजून अवकाश आहे ना?" त्यांनी सूनबाईला विचारलं. तिनं मान डोलावली. "मग चप्पल काढ."

या वेळी माप अनवाणी पायांनी झालं, आणि डायपर बांधताना ती जशी उभी राहते तसंच. मग मास्तरीणबाई पुढे झाल्या. "माझंही घ्या." त्यांचं कोपर सुनेच्या कोपरापेक्षा चांगलं तीन बोटं खाली होतं. मास्तर टेप धरून दोघींकडे बघत राहिले.

"बघताय काय? तिचंच धरा. टाके तिला आहेत. मी आपली जमिनीवर बरी. जमिनीवरून..."

"पोर पडत नाही!" मास्तर आणि सूनबाई बापलेकीसारखे एका सुरात म्हणाले.

सुतार संध्याकाळी करवत घेऊन आला. मास्तरांनी टेबल आडवं करून स्वतः चारी पायांवर खडूनं रेघ मारली, पण करवत लावू देईनात. "एकदा आखूड झालं की झालं," ते म्हणाले.

"लाकडाचंही तेच असतं, मास्तर. लावू का?"

मास्तरांनी सूनबाईला पुन्हा बोलावलं, पुन्हा टेप सोडला, फरक पुन्हा दीड इंचाचाच आला. "लाव."

दुसऱ्या दिवशी सूनबाई दिवसभर अनवाणी टेबलाशी उभी राहिली. खांदे जागेवर होते. संध्याकाळी तिनं आईला फोन केला. "नको, गाडी नको पाठवूस. इथं जमतंय आता... हो गं, खरंच. चार दिवस राहायला येईन पुढे कधी." मास्तर दुकानात काज करत होते. सुई दोऱ्यासकट हातात धरून ते ऐकत राहिले. मग आत जाऊन त्यांनी बॅग माळ्यावर टाकली. ती रिकामीच होती.

डायपर बदलायची वेळ मास्तरीणबाईंवर आली की त्या अजूनही सतरंजीच अंथरतात.

पाय कापायचे सुतारानं एकशे वीस रुपये सांगितले होते. मास्तरांकडे पाचशेची नोट होती, सुताराकडे सुटे नव्हते. ते एकशे वीस अजून द्यायचे आहेत.