सोमवारचं हुमण

गोव्यात तुयेच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये मी सहा वर्षं रांधत होते. रोज ऐंशी माणसांचं जेवण. तीच डाळ, तोच भात, तेच मासळीच्या आमटीचं हुमण. मोरजीला किनाऱ्यावरच्या एका मोठ्या हॉटेलात गोव्याचं जेवण करणारी बाई हवी आहे, असं कानावर आलं आणि मला काही चैन पडेना. तिथलं स्वयंपाकघर कसं असेल? ते लोक हुमण कशात करतात? वाटतात की दळतात? नवरा म्हणाला, "दुसऱ्याच्या टोपावरचां झाकण उचलल्याशिवाय तुका जेवाण जिरना नाय!" खोटं नाही ते. पण मी नुसती बघायला गेले नव्हते. आदल्या शनिवारी कॅन्टीनच्या ठेकेदाराशी कडाकडा भांडून "सोमवारपासून येत नाही" म्हणून सांगून बसले होते. हे काम मिळालं नाही तर घरी बसायची पाळी. अक्कल माझी!

हॉटेलचा मुख्य शेफ दिल्लीकडचा. मराठी बोलायचा, पण खड्ड्यांतून जाणाऱ्या गाडीत बसल्यासारखा अडखळत. "ताई, बांगड्याचं हुमण करा. दोन माणसांपुरतं," एवढं बोलून तो हाताची घडी घालून उभा राहिला. मी मात्र आधी दोन-तीन डबे उघडून हुंगले. एकात कसलीशी वाळलेली पानं होती. विचारलं तर म्हणाला, आधी हुमण.

खोबरं वाटलं, तिरफळं ठेचली, आंबटपणाला कोकमाची सोलं टाकली. मीठ हाताच्या अंदाजानं घातलं. माझ्या हाताला मी कधी विचारत नाही, तो चुकत नाही. वास तर असा सुटला की माझी मीच खूश झाले.

"चाखा," शेफ म्हणाला.

"आज सोमवार."

"मग?"

"सोमवारी आम्ही शिवराक. मासळी तोंडात घालत नाही."

त्यानं चमचा उचलला. "माझ्या किचनमध्ये चाखल्याशिवाय ताट बाहेर जात नाही," म्हणाला आणि स्वतः चमचाभर तोंडात घातलं. त्याचं तोंड असं झालं की मला पुढचं ऐकायचीही गरज राहिली नाही.

भांडी घासणारी क्रिस्तांव बाई हात पुसत आली. तिनं बोट बुडवून चाखलं. "मीठ चड जालां गो बाय. वाटण बरें आसा."

मीठ जास्त? माझ्या हातून? मला राग आला. मी मिठाची बरणी उघडली. पिठासारखं बारीक पाकिटातलं मीठ! कॅन्टीनमध्ये मी आगराचं जाडं मीठ वापरायचे. तेवढ्याच चिमटीत इथलं किती तरी जास्त मावलं होतं. साध्या मिठाकडे मी बघितलंसुद्धा नव्हतं, आणि म्हणे मला सगळं बघायची हौस.

"परत करते," मी म्हटलं. शेफनं घड्याळाकडे बघितलं, पण नको म्हणाला नाही.

दुसऱ्या खेपेला मीठ थोडं थोडं घातलं. पण किती झालं हे कळणार कसं? चमचा भरून घेतला. घरी कोणाला कळलं नसतं. चमचा ओठांपर्यंत नेला आणि खाली ठेवला. परत नेला, परत ठेवला. शेवटी त्या बाईला हाक मारली. "आज तुझी जीभ दे. तुमच्या उपासाच्या शुक्रवारी मटण मी तुझ्यासाठी चाखेन." ती हसत आली. चाखून म्हणाली, "आनीक इल्लें." मी आणखी चिमूटभर घातलं. "आतां पुरो."

शेफनं चाखलं. परत चाखलं. पावाचा तुकडा बुडवून तोही खाल्ला.

"काम मिळणार नाही म्हटलं असतं, तरी चाखलं नसतं?" त्यानं विचारलं.

थाप मारायची संधी होती. पण मला ते स्वतःलाच ठाऊक नव्हतं. "कोण जाणे," मी म्हटलं. "दोनदा ओठांपर्यंत नेलं होतं."

तो हसला. "उद्यापासून या. उद्या सोमवार नाही."

मंगळवारी गेले तेव्हा एकाही डब्याचं झाकण मी आधी उचललं नाही. मिठाची बरणी उघडली आणि त्यातला एक कण जिभेवर ठेवला.